चारनं भागण्याआधी

अगं, रात्री फोनवर तू घाईत होतीस, आणि हे काम असं आहे की तोंडी सांगितलेलं सकाळपर्यंत डोक्यात राहत नाही. म्हणून सविस्तर लिहिते. निवांत वाच, शक्यतो कॉम्प्युटर समोर ठेवून.

तुझी अडचण मला समजली. बँकेनं तुमच्या दूध संस्थेच्या कर्जाच्या कागदांत मागच्या तीन वर्षांचं दूध संकलन तिमाहीवार मागितलंय. तुझ्या हातात ऑडिटचे अहवाल आहेत, त्यात वर्षाला एकच आकडा. वरचे म्हणाले, "चारनं भाग आणि टाक." तुला ते खटकलं. खटकलं ते बरंच झालं. निरगुडसरसारख्या गावात वाढलेल्या मुलीला वर्षाचे चार तुकडे सारखे नसतात हे शिकवावं लागत नाही. वैशाखातली गाय आणि मार्गशीर्षातली गाय एकच असली, तरी बादली सारखी भरत नाही हे तू लहानपणापासून बघत आलीस.

तरी आकडेमोडीकडे वळण्याआधी एक विचारते. खरे आकडे खरंच कुठेच नाहीत का? दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. म्हणजे वर्षातून छत्तीस वेळा कुणीतरी ती बेरीज केलेलीच आहे. संस्थेतली जुनी बिलं सापडत नसतील, तर तुमचं दूध पुढे ज्या संघाला किंवा कंपनीला जातं त्यांच्याकडे टँकरच्या पावत्यांची नोंद असेल. बँकेच्या खातेउताऱ्यावर दर दहा दिवसांची जमा दिसेल. संकलनाच्या मशीनमध्ये निदान शेवटचं एखादं वर्ष शिल्लक असेल. आधी तिथे शोध. दोन दिवस धूळ खावी लागली तरी चालेल. खरा आकडा मिळाला की पुढचं सगळं पत्र बाजूला ठेव. अंदाज हा खऱ्या आकड्याच्या जागी बसवायचा नसतो. जिथे खरा आकडा मिळणारच नाही, तेवढ्याच जागेपुरता तो असतो.

शोधूनही मिळालं नाही, तर आता पुढे वाच.

पहिल्यांदा आकडा कोणत्या जातीचा आहे ते बघ. दूध संकलन वर्षभर साठत जातं. चार तिमाह्यांची बेरीज म्हणजे वर्ष. पण संस्थेच्या सभासदांच्या गोठ्यात ३१ मार्चला किती गायी होत्या, हा आकडा तसा नाही. तो एका दिवसाचा आहे. त्याला चारनं भागलं तर पाव गोठा हातात येतो, त्याला काही अर्थ नाही. डिंभे धरणातला पाणीसाठाही असाच, पशुगणनेतला जनावरांचा आकडाही असाच. तिथे दोन तारखांच्या मधली वाट काढायची असते, वाटणी करायची नसते. बँकेच्या तक्त्यात दोन्ही जातींचे रकाने शेजारी शेजारी असतात आणि घाईत सगळ्यांना एकच सूत्र ओढलं जातं. तू ओढू नकोस.

दुसरं म्हणजे वर्ष कोणतं ते बघ. ऑडिटचं वर्ष एप्रिल ते मार्च. साखर कारखान्याचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर धरतात. राज्याचं कृषी वर्ष जुलै ते जून. अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन उघडलंस, तर त्यात आंबेगाव तालुक्याची ओळ सापडेल, पण पिकांच्या तक्त्याचं वर्ष आणि तुझ्या ऑडिटचं वर्ष एकच असेल असं समजू नकोस. तक्त्याच्या डोक्यावरची आणि तळाची बारीक ओळ आधी वाचायची. तिमाहीच्या कामात अर्धे घोटाळे इथेच होतात.

आता तुझ्या कामाकडे. समजण्यासाठी मी सोपे आकडे धरते, ते तुमच्या संस्थेचे नाहीत. पहिल्या वर्षी ४१० हजार लिटर, दुसऱ्या वर्षी ४७४, तिसऱ्या वर्षी ५७२. चारनं भागलं तर पहिल्या वर्षाच्या चारही तिमाह्या १०२.५, दुसऱ्याच्या ११८.५, तिसऱ्याच्या १४३. कागदावर हे काय सांगतं बघ. वर्षभर गावात एक लिटरही वाढलं नाही, आणि १ एप्रिल उजाडला तसं १६ हजार लिटर वाढलं. पुन्हा वर्षभर शांत, पुन्हा एप्रिलला साडेचोवीस हजारांची उडी. म्हणजे दूध गायी देत नाहीत, आर्थिक वर्ष देतं! आलेख काढलास तर जिना दिसेल. बँकेतल्या जाणत्या माणसाला तो जिना दिसताक्षणी कळतं की कुणीतरी चारनं भागलंय, आणि मग तुमच्या बाकीच्या कागदांवरचाही त्याचा विश्वास कमी होतो.

हा जिना घालवण्याची रीत जुनी आहे. बूट, फिब्स आणि लिसमन या तिघांनी १९६७ मध्ये ती नीट मांडली. त्यांचं म्हणणं एका दमात सांगता येतं: वर्षाची बेरीज तंतोतंत राहिली पाहिजे, आणि ती राखून एका तिमाहीतून दुसरीत जाताना होणारे बदल जितके लहान ठेवता येतील तितके ठेवायचे. बदल कधी अधिक, कधी उणे, म्हणून त्यांचे वर्ग करून बेरीज घ्यायची आणि ती कमीत कमी करायची. एवढंच. हे कागदावर करायला किचकट आहे, एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम आहे.

असं मांड. ए स्तंभात दुसऱ्या ओळीपासून तेराव्या ओळीपर्यंत बारा तिमाह्यांची नावं. बी स्तंभात सुरुवातीला तेच चारनं भागलेले आकडे टाक. इथे ते चालतील, कारण ते नुसतं निघण्याचं ठिकाण आहे. सी स्तंभात तिसऱ्या ओळीपासून: बी तीन वजा बी दोन, त्याचा वर्ग. खालपर्यंत ओढ. सी चौदामध्ये त्या सगळ्यांची बेरीज. डी स्तंभात प्रत्येक वर्षाच्या शेवटच्या ओळीत त्या वर्षाच्या चार घरांची बेरीज, म्हणजे डी पाच, डी नऊ आणि डी तेरा. त्यांच्या शेजारी ई स्तंभात ऑडिटचा आकडा, हातानं टाकलेला.

मग सॉल्व्हर. तो एक्सेलमध्ये असतोच, पण झाकलेला. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स, खाली गो दाब, सॉल्व्हरवर टिक कर. डेटा टॅबच्या उजव्या टोकाला तो येऊन बसतो. ऑब्जेक्टिव्ह सी चौदा, खाली मिन निवड, बदलायची घरं बी दोन ते बी तेरा, आणि अटी तीन: डी पाच बरोबर ई पाच, डी नऊ बरोबर ई नऊ, डी तेरा बरोबर ई तेरा. रीत जीआरजी नॉनलिनियर ठेव. सॉल्व्ह दाब. लिब्रेऑफिस वापरत असशील तर सॉल्व्हर टूल्समध्ये आहे, फक्त तिथे नॉनलिनियर इंजिन मुद्दाम निवडावं लागतं.

माझ्या धरलेल्या आकड्यांवर उत्तर असं येतं. पहिलं वर्ष: १००, १०१, १०३, १०६. दुसरं: ११०, ११५, १२१, १२८. तिसरं: १३६, १४२, १४६, १४८. बेरजा करून बघ, ४१०, ४७४, ५७२ जशाच्या तशा. चारनं भागताना सी चौदामध्ये ८५६.२५ होते, आता २६० उरले. एप्रिलची उडी गेली. तुझ्या फाइलमध्ये हे आकडे आधी टाकून बघ आणि माझ्याशी जुळले की मगच संस्थेचे आकडे घाल. नवी रीत नेहमी अशा उत्तर ठाऊक असलेल्या आकड्यांवर तपासून घ्यावी. अंक दशांशात थोडे इकडे तिकडे आले तर घाबरू नकोस, सॉल्व्हर जवळ पोचून थांबतो.

आता हात जोडून सांगते, इथे थांबून खूश होऊ नकोस. शेवटचे चार आकडे पुन्हा बघ. वाढ कशी दिसते? १३६ च्या आधी ८ ची वाढ होती, मग ६, मग ४, मग २. वाचणाऱ्याला वाटेल संस्थेचा जोर ओसरला, शेवटच्या तिमाहीत दूध जवळजवळ थांबलं. तसं काही झालेलं नाही. पुढच्या वर्षाचा आकडा हातात नसल्यामुळे रीत टोकाला रेषा आडवी करते. सुरुवातीच्या १, २, ३ चंही तसंच. समज, चौथ्या वर्षी ६७५ आले आणि तू पुन्हा सॉल्व्हर चालवलास. तिसऱ्या वर्षाची बेरीज ५७२ च राहील, पण शेवटची तिमाही १४८ वरून जवळपास १५४ होईल आणि तिच्यातली वाढ २ वरून साडेसातच्या घरात जाईल. इतका फरक पडतो. आणि कर्ज देणारा नेमकी शेवटचीच तिमाही बघतो! म्हणून टोकाच्या आकड्यांवरून कुणी निष्कर्ष काढायला लागलं तर तू तिथल्या तिथे बोललं पाहिजेस. जमलं तर चालू वर्षाचा संचालक मंडळानं मंजूर केलेला अंदाज चौथं वर्ष म्हणून खाली जोड, म्हणजे तिसऱ्या वर्षाचं टोक मधे येतं. जोडलास तर तो जोडलाय हे लिही.

एवढं करून जे मिळतं ते गुळगुळीत आहे. पण दूध गुळगुळीत असतं का? ऑक्टोबरपासून थंडीभर पुष्टकाळ, चारा हिरवा, संकलन वर. एप्रिल-मेमध्ये उन्हानं संकरित गायी धापा टाकतात, दूध उतरतं. हा चढउतार गुळगुळीत करून पुसलास, तर बँकेला कर्जाचा हप्ता कोणत्या महिन्यात पेलेल हेच कळणार नाही, आणि तिमाहीवार आकडे मागायचं कारणच ते असतं. म्हणून नुसती रेषा सपाट करण्याऐवजी तिला गावचा हंगाम दिला पाहिजे. त्यासाठी सोबतीला अशी एक मालिका लागते जिचे तिमाही आकडे खरे आहेत आणि जी तुमच्या दुधासारखीच वरखाली होते. तिला सूचक म्हणतात.

सूचक कुठून आणायचा? आपल्या घरच्या दूध-पासबुकावर तुझा हात पहिल्यांदा जाईल. एका घराचं नको. गाय कधी व्यायली, कधी आटली, कालवड कधी गाभण राहिली, यावरच एका गोठ्याचं वर्ष ठरतं. त्यात गावाचा हंगाम दिसत नाही. पंचवीस-तीस सभासदांची पासबुकं मिळाली तर एकाचं भाकड दुसऱ्याच्या ताज्या वेतात बुडून जातं आणि खालचा हंगाम वर येतो. घरोघर बायकाच ती पासबुकं जपून ठेवतात, पत्र्याच्या डब्यात, रेशनकार्डासोबत. तू मागितलीस तर देतील. आणि मशीनमधलं शेवटचं वर्ष सापडलं, तर त्याहून चांगला सूचक नाही.

समज, पासबुकांवरून असं निघालं की शंभर लिटरपैकी एप्रिल ते जून २२, जुलै ते सप्टेंबर २४, ऑक्टोबर ते डिसेंबर २८, जानेवारी ते मार्च २६. मग पहिल्या वर्षाचे ४१० त्याच प्रमाणात वाट: ९०.२, ९८.४, ११४.८, १०६.६. बेरीज ४१०. हंगाम दिसायला लागला. पण वर्ष ओलांडताना बघ. मार्चच्या १०६.६ नंतर दुसऱ्या वर्षाची पहिली तिमाही ४७४ चे २२ टक्के, म्हणजे १०४.२८. सूचक म्हणतो २६ वरून २२, म्हणजे पंधरा टक्क्यांहून जास्त घसरण. तुझे आकडे म्हणतात जेमतेम दोन टक्के. उन्हाळा कुठे गेला? तो वर्षाच्या पायरीनं गिळला. जिना गेला नाही, हंगामाच्या मागे जाऊन लपला.

यावरचा उपाय फ्रँक डेंटन या कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये दिला. त्याच वर्षी चाऊ आणि लिन यांनी दुसरी एक रीत दिली, ती प्रतिगमनावर चालते. तुझ्या तीन वर्षांच्या आकड्यांना ती झेपणार नाही, सोडून दे. डेंटनचं सांगणं तुला लगेच पटेल. आकडा सपाट करू नकोस, आकडा आणि सूचक यांचं गुणोत्तर सपाट कर. वरच्या वाटणीत हे गुणोत्तर पहिल्या वर्षभर ४.१० आहे, दुसऱ्या वर्षभर ४.७४, तिसऱ्या वर्षभर ५.७२. तोच जिना. तो हळूहळू चढता केला की वर्षाची वाढही राहते आणि उन्हाळ्याची घसरणही.

फाइलमध्ये फारसं बदलावं लागत नाही. एका नव्या स्तंभात सूचक, तिन्ही वर्षांसाठी २२, २४, २८, २६ ओळीनं. शेजारी गुणोत्तर: अंदाज भागिले सूचक. सी स्तंभात आता अंदाजांच्या फरकाऐवजी गुणोत्तरांच्या फरकाचा वर्ग. अटी त्याच, सॉल्व्हर तोच. फक्त हे फरक फार लहान असतात आणि सॉल्व्हर लवकर समाधान मानतो, म्हणून सी चौदाला दहा हजारनं गुणून घे. टोकाची अडचण इथेही राहते, ती विसरू नकोस. पण या रीतीनं निघालेला तक्ता मी कुणाही पुढे ठेवायला तयार होईन, आणि तूही हो. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या तिमाही लेख्यांच्या मार्गदर्शिकेत हीच रीत शिफारसलेली आहे. आपल्या देशाचं तिमाही उत्पन्न १९९९ पासून जाहीर होतं. तिथेही सगळं काही तिमाहीला मोजलेलं नसतं. पुष्कळ ठिकाणी वार्षिक आकड्याला सूचकाचा आधार देऊन तिमाही काढावी लागते, आणि पक्के आकडे आले की जुन्या तिमाह्या सुधारून पुन्हा छापतात. सुधारण्याची त्यांना लाज वाटत नाही, तुलाही वाटू देऊ नकोस.

तू म्हणालीस, दुधाचं झालं की ऊस आणि कांद्याचंही असंच करून मागणार आहेत. तिथे मात्र माझं ऐक, सॉल्व्हर उघडूच नकोस.

आपल्याकडचा ऊस पारगावच्या भीमाशंकर कारखान्याला जातो. गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं आणि उन्हाळा लागता लागता संपतं. म्हणजे आर्थिक वर्षाच्या तिसऱ्या आणि चौथ्या तिमाहीत जवळजवळ सगळं, एप्रिलमध्ये राहिलेलं थोडं, आणि जुलै ते सप्टेंबर शून्य. हा आकडा गुळगुळीत केलास तर श्रावणात मोळी पडलेली दिसेल! शून्य हीसुद्धा माहिती आहे. ते शून्य हातानं टाकायचं आणि उरलेलं कारखान्याच्या गाळपाच्या दिवसांप्रमाणे वाटायचं. डेंटनची रीत तिथे वापरायला गेलीस तर शून्यानं भागाकार होईल आणि एक्सेल चूक दाखवेल. ती चूक दाखवतो तेच बरं.

उसाचे पैसे आणि उसाचं गाळप हेही एक नव्हे. ऊस जानेवारीत तुटतो, पैसे हप्त्यांनी येतात, शेवटचा हप्ता कधी दिवाळीला. बँकेला रोख रक्कम कधी येते ते हवं असेल, तर टनांची वाटणी करून उपयोग नाही, जमा झालेल्या तारखा लागतील. त्या सभासदांच्या पासबुकात छापलेल्याच असतात.

कांद्याचं त्याहून अवघड. गावरान कांदा चैत्राच्या आगेमागे निघतो, म्हणजे ३१ मार्चच्या अलीकडे पलीकडे. काढणी आठवडाभर पुढे गेली तर पीक एका आर्थिक वर्षातून दुसऱ्यात जातं. एक वर्ष मोठं, दुसरं लहान दिसतं, शेतात काही वेगळं झालेलं नसतं. अशा दोन वर्षांना रीत लावून जोडलंस तर जी तेजी-मंदी दिसेल ती पंचांगाची असेल. मग तो कांदा बराखीत पडतो आणि भाव बघत दिवाळीपर्यंत मंचरच्या बाजार समितीत जातो. उत्पादन एका तिमाहीत, विक्री तीन तिमाह्यांत. बाजार समितीकडे आवक रोज नोंदली जाते. विक्रीची वाटणी करायची तर तो सूचक घे. उत्पादन विचारलं असेल तर काढणीच्या तिमाहीतच लिही. सातगाव पठारावरच्या बटाट्यालाही हेच: पावसाळ्यात लागतो, गणपती-दसऱ्याच्या दरम्यान निघतो, त्याला जानेवारी-मार्चच्या रकान्यात जागा नाही.

आता सगळ्यात जिव्हाळ्याचं बोलते. तक्ता तयार झाला की तो देखणा दिसेल. दशांशापर्यंत आकडे, सुंदर आलेख. तुझे वरचे खूश होतील आणि म्हणतील, "छान, खाली टीप कशाला घालतेस, काढून टाक." तिथे नमू नकोस. टीप राहिलीच पाहिजे: 'तिमाही आकडे वार्षिक लेखापरीक्षित आकड्यांवरून काढलेले अंदाज आहेत, हंगामी वाटणी सभासदांच्या पासबुकांवरून, शेवटच्या तिमाह्या पुढील वर्षाच्या आकड्यांनंतर बदलू शकतात.' एवढ्या तीन गोष्टी. मोजलेले आकडे आणि काढलेले आकडे वेगळ्या रंगात ठेव, शक्य असेल तर वेगळ्या शीटवर. सहा महिन्यांनी दुसरं कुणी ती फाइल उघडेल, तुझा शब्द विचारायला तू शेजारी नसशील, आणि तो माणूस १४६ हा आकडा मशीनमधून आलाय असं धरून चालेल.

तू वयानं लहान, नोकरी नवी, समोर बापाच्या वयाची माणसं, आणि त्यातली निम्मी नात्यातली. त्यांना "हे चूक आहे" म्हणणं अवघड जातं, मला माहीत आहे. तसं म्हणू नकोस. असं म्हण: "काका, बँकेनं पावत्या मागितल्या तर आपल्याला दाखवता आलं पाहिजे, म्हणून अंदाज असा शब्द घातलाय." हे खरंही आहे आणि त्यात कुणाचा पाणउतारा नाही. आणि बँकेच्या अर्जात रकान्यावर 'प्रत्यक्ष' असं छापलेलं असेल, तर तिथे अंदाज भरायचाच नाही. रिकामा ठेवून 'तिमाही नोंद उपलब्ध नाही, वार्षिक सोबत' असं लिहायचं. टीडीएसच्या तिमाही विवरणपत्रात तर अशा आकड्यांचा वासही येता कामा नये. तिथे वाटणी चालत नाही, प्रत्येक रुपया आपापल्या तारखेला लागतो. सही तुझी नसली तरी तक्ता तुझ्या हातचा आहे, आणि गावात ते लपत नाही.

आणखी एक, कारण तू एम.ए.च्या प्रकल्पातही हेच आकडे वापरायचं म्हणत होतीस. बारा घरं भरलेली दिसली तरी तुझ्याकडे माहिती तीन आकड्यांची आणि एका सूचकाची आहे. हे बारा आकडे घेऊन दुधाचा आणि पशुखाद्याच्या दराचा सहसंबंध काढलास तर तो फार चांगला येईल, कारण गुळगुळीत केलेल्या दोन रेषा एकमेकींसारख्या दिसतातच. तो संबंध गायींनी दिलेला नसेल, सॉल्व्हरनं दिलेला असेल. प्रकल्पासाठी वार्षिक आकडेच घे, वर्षं वाढव. जुने ऑडिट अहवाल दहा-पंधरा वर्षांचे मिळत असतील तर तेच सोनं आहे. मार्गदर्शक बाईंनी तिमाही हवीच म्हटलं, तर काढलेली मालिका फक्त चित्र दाखवायला ठेव, निष्कर्ष तिच्यावर उभा करू नकोस.

आणि हे पुन्हा पुन्हा करायची वेळ येऊ नये म्हणून आजच एक कर. दर दहा दिवसांचं बिल निघालं की एकूण लिटर, सरासरी फॅट आणि दिलेली रक्कम, एवढ्या तीन गोष्टी एका शीटवर एका ओळीत उतरवून ठेव. महिन्याला तीन ओळी. जूनअखेर नऊ ओळींची बेरीज घेतलीस की पहिली तिमाही झाली, खरीखुरी. संस्थेत कुणी सांगितलं नसलं तरी कर. छापून फाइलला लाव, मशीन बिघडतं आणि बदलतं.

तक्ता झाला की मला पाठव. नुसती उत्तरं नकोत, सूचकाची रांग आणि कोणाकोणाची पासबुकं धरलीस त्यांच्या गोठ्यांची संख्याही पाठव. पासबुकं सगळी एकाच वाडीतली निघाली तर मी परत पाठवीन, हे आधीच सांगून ठेवते. थोडी मळ्यातली, थोडी गावठाणातली, एक-दोन गायींचीही आणि मोठ्या गोठ्यांचीही, अशी मिसळ हवी. आईला सांग, माळ्यावरच्या डब्यातलं आपलं जुनं पासबुक काढून ठेव म्हणून. तेही त्यात घालू.